पुस्तके बांधणारे गुरुजी

मंडळी, कोपरला गाडीत बसले की दिवा, मुंब्रा, कळवा आणि मग ठाणे. ठाण्यात टेंभी नाक्याच्या भागात एक जुने प्रार्थनामंदिर आहे. ते १८७९ साली बांधले. त्याचे नाव 'शाआर हशामाइम'. या नावाचा अर्थ 'स्वर्गाचे दार'. आत मूर्ती नाही, तसबीरही नाही. एक मोठे कपाट आहे. त्या कपाटात चामड्यावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या जपून ठेवतात. त्या उलगडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. हेच इथल्या लोकांचे धर्मपुस्तक.

हे लोक कोण? त्यांना बेने इस्राएल म्हणतात. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुले. धर्माने ते यहुदी. पण त्यांची घरची बोली मराठी. त्यांची आडनावे तरी बघा. दिवेकर, किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, तळकर. सगळी आपल्या कोकणातल्या गावांवरून पडलेली.

या समाजात पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक गुरुजी होऊन गेले. त्यांचे नाव शलोमो सालेम शुर्राबी. ते श्रीमंत नव्हते. मोठ्या पदावरही नव्हते. पोटासाठी ते पुस्तके बांधायचे. पण असे गुरुजी मिळाले म्हणून एक समाज आपली ओळख विसरला नाही. त्यांची ही हकिकत. ती नीट कळायला आधी थोडे मागे गेले पाहिजे.

शनिवारचे तेली

बेने इस्राएल लोक आपली कथा अशी सांगतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज गलबतातून आले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बाकीचे बुडाले. त्यांना नवगावला पुरले. जे वाचले त्यांच्यापाशी अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नाही. पुस्तके होती तीही समुद्रात गेली.

कोकणातल्या गावांनी त्यांना आसरा दिला. ते शेती करू लागले. पुष्कळांनी तेलाचा घाणा घातला. बैल जुंपायचा, तीळ-खोबरे गाळायचे, तेल विकायचे. शेजारचे तेलीही हेच काम करीत. पण एक फरक होता. शनिवार आला की यांचा घाणा बंद. कितीही गिऱ्हाईक येवो, शनिवारी काम नाही. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नावच दिले, 'शनिवार तेली'.

शनिवारी घाणा का थांबवता, असे कोणी विचारले तर काय सांगणार? वडील थांबवीत होते, आजे थांबवीत होते, म्हणून आम्हीही थांबवतो. चाल राहिली होती, तिच्यामागचे कारण पुसट झाले होते.

पुस्तक गेले, आठवण राहिली

यहुदी लोकांचे धर्मपुस्तक हिब्रू भाषेत आहे. कोकणात ही भाषा कोणाला येणार? पिढ्यामागून पिढ्या गेल्या. हिब्रू वाचता येणारे कोणी राहिले नाही. तरीही काही गोष्टी या लोकांनी सोडल्या नाहीत. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता करायची. शनिवार पाळायचा. देव एकच आहे, हे सांगणारी हिब्रू प्रार्थना तोंडपाठ म्हणायची. तिचा शब्दन्‌शब्द अर्थ कळला नाही तरी म्हणायची.

सणही राहिले, पण त्यांची नावे मराठी झाली. वर्षाच्या आरंभाचा 'नव्याचा सण'. एक 'खिरीचा सण'. दारे लावून घरात उपास करायचा तो 'दारफाळणीचा सण'. फार पूर्वी यरुशलेमचे मंदिर पडले, त्या दुःखाचा दिवस आला की वालाचे बिरडे करायचे. म्हणून तो 'बिरड्याचा सण'. बिरडे आपल्या सगळ्यांच्या घरचे. पण त्या दिवशी ते का करायचे, हे हळूहळू विसरले जात होते.

आता विचार करा. जे लिहिलेले नाही ते माणसाच्या डोक्यात राहते. आजीला आठवते तोवर ते आहे. आजी गेली आणि नातवाला सांगायचे राहिले, तर ते कायमचे गेले. अशा तऱ्हेने एक-एक गोष्ट गळत जाते. शेवटी नुसते नाव उरते. बेने इस्राएल समाजावर हीच वेळ येऊ घातली होती.

मासळीची परीक्षा

मग बाहेरून एक जाणता माणूस आला. त्याचे नाव दावीद राहाबी. तो नेमका कोणत्या काळी आला, याबद्दल पंडितांत एकमत नाही. कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी. कोणी म्हणतात अठराव्या शतकात, कोचीनहून. पण त्याची गोष्ट बेने इस्राएल घराघरात सांगतात.

राहाबीला वाटले, हे लोक यहुदी तर दिसतात. पण खात्री कशी करायची? त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी मासळी निवडली. ज्या माशाला खवले आणि पर असतात तेवढेच घेतले. बाकीचे बाजूला सारले. यहुदी धर्माचा नियम हाच आहे. रावस चालतो, बोय चालते. कोळंबी चालत नाही, चिंबोरी चालत नाही. पुस्तक नव्हते, पण बायकांच्या हातांनी नियम जपला होता. राहाबीची खात्री पटली. हे आपलेच लोक!

मग राहाबीने एक शहाणपणाचे काम केले. आपण आज आहोत, उद्या नाही, हे त्याने ओळखले. त्याने इथल्याच तिघा जणांना शिकवून तयार केले. हे तिघे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले होते. त्यांना 'काजी' म्हणू लागले. ते गावोगाव फिरत, लग्ने लावीत, तंटे मिटवीत. पुढे त्यांच्या घराण्यांनी हे काम चालवले.

दिवेकरांचा नवस

पुढे इंग्रजांच्या फौजेत बेने इस्राएल शिपाई भरती झाले. त्यांत सामाजी हसाजी दिवेकर होते. त्यांचे यहुदी नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर. टिपू सुलतानाशी लढाई झाली, तेव्हा ते कैदेत पडले. कथा अशी सांगतात, की टिपूच्या आईने त्यांची जात विचारली. बेने इस्राएल हे नाव ऐकून ती म्हणाली, या लोकांचे नाव तर आपल्या कुराणात आहे. यांना मारू नका. दिवेकर वाचले. देवाने वाचवले, आता देवाचे घर बांधीन, असे त्यांनी ठरवले.

१७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे 'दयेचे दार'. बेने इस्राएल समाजाचे हे पहिले मंदिर. लोक त्याला मशीद म्हणत. आपली लोकल गाडी मुंबईला पोचायच्या आधी मशीद स्टेशन लागते. त्या स्टेशनाचे नाव याच मंदिरावरून पडले, असे सांगतात. मंदिर झाले, पण धर्मपुस्तकाच्या गुंडाळ्या हव्या होत्या. त्या आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ साली तिकडेच वारले.

मंदिर तर उभे राहिले. पण नुसत्या भिंतींनी काय होते? पुस्तक वाचणारा हवा. वाचून अर्थ सांगणारा हवा. कोचीनचे यहुदी शिकलेले होते. त्यांच्यापाशी पुस्तके होती, हिब्रू येत होती. तिथून काही शिक्षक मुंबईला आले. त्यांतलेच एक शुर्राबी गुरुजी.

वर्षाला शंभर रुपये

मुंबईत बेने इस्राएल लोकांचे दुसरे, नवे प्रार्थनामंदिर निघाले होते. शुर्राबी गुरुजी तिथे प्रार्थना चालवू लागले. या कामाला हिब्रूत 'हज्जान' म्हणतात. पगार किती? वर्षाला शंभर रुपये. म्हणजे महिन्याला आठ रुपये पाच आणे चार पै. तेव्हा स्वस्ताई होती, हे खरे. तरी त्या काळीही ही रक्कम अगदी थोडी मानली जाई. तेवढ्यात भागत नव्हते. म्हणून गुरुजी पुस्तकबांधणी करायचे.

पुस्तकबांधणी म्हणजे काय? छापलेले मोठे कागद घडी घालून फर्मे करायचे. फर्मे एकावर एक लावून दोऱ्याने शिवायचे. पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. मग पुस्तक हातात धरता येते, वर्षानुवर्षे टिकते. काम कष्टाचे, बैठकीचे. मोल फार नाही.

गुरुजी काम करीत बसलेले असायचे. तेवढ्यात कोणी यायचा. "गुरुजी, पुस्तकातल्या या वाक्याचा अर्थ लागत नाही." मग गुरुजी त्याला समजावून सांगायचे. कोणी केव्हाही येवो, काम चालू असताना येवो, ते सांगायला तयार असायचे. नंतर ये, असे नाही. तू अडाणी, तुला काय कळणार, असेही नाही. ही त्यांची ख्याती होती आणि तीच लोकांनी लक्षात ठेवली.

मंदिरातही त्यांचे एकच काम नव्हते. प्रार्थना त्यांनीच चालवायची. प्रवचन त्यांनीच करायचे. धर्मशास्त्राचा अर्थ त्यांनीच सांगायचा. बाळाची सुंता त्यांनीच करायची. धर्माच्या रीतीने बकरे-कोंबडे कापायचे तेही त्यांनीच. त्यासाठी सुरी अगदी धारदार लागते, पात्याला बारीकसा खाचाही चालत नाही. जनावराला कमीत कमी वेदना व्हाव्यात म्हणून हा नियम. एवढी पाच कामे एकटा माणूस करीत होता.

असे सुमारे अठरा वर्षे चालले. १७ एप्रिल १८५६ रोजी शुर्राबी गुरुजी वारले. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

पुस्तकात काय होते?

धर्मपुस्तक म्हणजे नुसते पूजा-प्रार्थना, असे कोणाला वाटेल. तसे नाही. यहुदी धर्मपुस्तकात रोजच्या जगण्याचे नियम पुष्कळ आहेत. काही नियम बघा.

शेत कापताना कोपऱ्याकोपऱ्याचे पीक कापू नये. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावे. खाली पडलेली कणसेही वेचून घेऊ नयेत.

मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी. सूर्य मावळेपर्यंत ठेवू नये. कारण त्याचे पोट त्या पैशावर आहे.

घ्यायचे माप एक आणि द्यायचे माप दुसरे, असे करू नये. तराजू खरा असावा.

आणि शनिवारचा नियम? आठवड्यातला सातवा दिवस विश्रांतीचा. नुसता मालकाच्या विश्रांतीचा नव्हे. नोकराला विश्रांती, परक्याला विश्रांती आणि बैलालाही विश्रांती. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे.

आता तो कोकणातला शनिवारचा तेली आठवा. शनिवारी त्याचा बैल सुटा असायचा. बाप-आजे करीत आले म्हणून तो तसे करीत होता. पुस्तक वाचणारे गुरुजी आले, तेव्हा त्याला कारण कळले. मुक्या जनावरालाही दम खाऊ द्यावा, एवढा विचार त्या चालीमागे होता. चाल तीच राहिली. पण आता ती समजून पाळता आली. गुरुजी करतो ते हेच. नवे काही लादत नाही, आपल्याच घरातल्या वस्तूचा अर्थ आपल्याला सांगतो.

दूर देशातले एक गुरुजी

शुर्राबींच्या आधी शंभर वर्षे युरोपात यहुदी लोकांत असेच एक गुरुजी झाले. त्यांचे नाव इस्राएल, एलिएझरचा मुलगा. लोक त्यांना 'बाल शेम टोव्ह' म्हणत. त्यांचा जन्म १७०० च्या सुमाराला, आज ज्याला युक्रेन म्हणतात त्या देशात झाला. लहानपणीच आईबाप गेले. सांगतात, की ते तरुणपणी शाळेत हरकाम्या होते. घरोघरची लहान मुले गोळा करून शाळेत पोचवायची, वाटेत त्यांच्याबरोबर प्रार्थना गायची. पुढे लग्न झाल्यावर ते डोंगरात राहिले. तिथे माती खणून विकायची आणि पोट भरायचे.

त्या काळी तिकडच्या यहुदी समाजात पंडितांना फार मान होता. अडाणी गरिबाला कोणी विचारीत नसे. बाल शेम टोव्ह म्हणाले, देव सगळीकडे भरलेला आहे. मनापासून हाक मारली की तो ऐकतो. आनंदाने भक्ती करा, रडत-कुढत नको. त्यांच्या मागे गेलेल्या लोकांना 'हसीद' म्हणू लागले. हसीद म्हणजे भक्त. आपल्याकडे संतांनी हेच सांगितले. म्हणून ही शिकवण आपल्याला परकी वाटत नाही.

त्यांची एक गोष्ट सांगतात. मोठ्या उपासाच्या दिवशी मंदिर भरले होते. एका अडाणी पोराला प्रार्थना येत नव्हती. त्याच्या खिशात एक पावा होता. त्याला राहवेना. त्याने पावा काढून जोराने फुंकला. लोक चिडले. पण बाल शेम टोव्ह म्हणाले, आज सगळ्यांच्या प्रार्थनेच्या आधी याचीच हाक वर पोचली.

मग कोणी म्हणेल, अक्षर न येता देव ऐकतो, तर शिकायचे कशाला? याचे उत्तरही त्याच हकिकतीत आहे. बाल शेम टोव्ह यांनी स्वतः पुस्तक लिहिले नाही. १७६० साली ते वारले. त्यांची शिकवण शिष्यांच्या तोंडी होती. वीस वर्षांनी, १७८० साली, याकोब योसेफ नावाच्या शिष्याचे पुस्तक छापून निघाले. त्यात गुरूंची वचने होती. म्हणून ती आज आपल्यालाही कळतात. देवाला अक्षर लागत नाही. पण माणसाच्या मागून येणाऱ्या माणसाला ते लागते.

शुर्राबी गुरुजी या हसीद लोकांच्या पंथातले नव्हते. त्यांची वाट वेगळी, देश वेगळा. पण गरीब माणसाला जवळ बसवून सांगायचे, हा गुण दोघांचा एक.

बी पेरले ते उगवले

बेने इस्राएल समाजाला अक्षर अनेकांच्या हातून मिळाले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन या पाद्र्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. बेने इस्राएल मुले त्या शाळांत शिकली. फार थोड्यांनी धर्म बदलला. बाकीच्यांनी विद्या घेतली आणि ती आपल्या समाजाच्या कामी लावली.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) हे असेच शिकलेले गृहस्थ. ते मुंबईत शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. आता म्हातारी आजीही म्हणत असलेल्या प्रार्थनेचा अर्थ समजू लागली.

१८८० च्या सुमाराला आणखी एक नवल झाले. आपले हरिदास बुवा कीर्तन करतात, ते बेने इस्राएल लोकांनी ऐकले. त्यांना वाटले, आपल्या धर्माच्या कथा अशाच का सांगू नयेत? मग बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तने रचली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी कीर्तनात आल्या. कथा यहुदी, भाषा मराठी, चाल आपल्या बुवांची! ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही धर्म कळला.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांनी समाजाचा इतिहासही लिहिला. तो ते गेल्यानंतर, १९३७ साली छापून निघाला. जुन्या गुरूंची आठवण अशा लिहिण्यानेच टिकली. नाहीतर वर्षाला शंभर रुपये मिळवणाऱ्या गरीब बांधणीवाल्याचे नाव आज कोणाला ठाऊक असते?

इस्राएल देश १९४८ साली झाला. त्यानंतर बेने इस्राएल लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. तिथे काही धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली, की हे लोक खरे यहुदी का? लोकांनी निदर्शने केली, न्याय मागितला. १९६४ साली त्यांना पूर्ण मान मिळाला. जे तिकडे गेले ते मराठी विसरले नाहीत. त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. जे इथे राहिले ते आता थोडे हजार आहेत, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. नवस फेडताना हे लोक अजूनही 'मलिदा' करतात. गोड पोहे, ओले खोबरे, फळे ताटात मांडतात आणि एलिया पैगंबराची आठवण करून सगळ्यांना वाटतात.

आपण काय घ्यायचे?

राहाबीने तिघांना शिकवले. दिवेकरांनी घर बांधले. शुर्राबींनी त्या विद्येचा दरवाजा सगळ्यांना उघडा ठेवला. यांतले कोणतेही काम एकट्याने पुरे झाले नसते. पण शेवटचे काम असे आहे, की ते करायला पैसा लागत नाही. आपल्याला आलेले दुसऱ्याला सांगायचे, एवढेच.

आपणही आता वाचू लागलो आहोत. घरात कोणी म्हातारे असतील. त्यांना गावदेवीची कथा, जुनी गाणी, शेताची राखण, मिठागराचे काम, खाडीतल्या मासळीची पारख सगळे ठाऊक असेल. ते कुठेही लिहिलेले नाही. ते म्हातारे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. चार ओळी लिहून ठेवा. आणि शेजारी अजून अक्षर ओळखत नसेल, तर हातातले काम न सोडताही त्याला एक अक्षर सांगता येते.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. बेने इस्राएल लोकांना 'शनिवार तेली' का म्हणत?
२. राहाबीने मासळी का ठेवली? बायकांनी कोणती घेतली?
३. शुर्राबी गुरुजी पोटासाठी काय काम करीत? मंदिरात कोणती पाच कामे करीत?
४. तुमच्या घरात अशी कोणती चाल आहे, जी सगळे पाळतात पण कारण कोणाला ठाऊक नाही? ते कोणाला विचारता येईल?